गोमुखापाशी थांबणारा उजेड

माझे दाजी वीरभद्रअप्पा यांच्या हातून चूक झाल्याचं नांदूरघाटात कुणीही पाहिलेलं नव्हतं. चुका व्हायच्या, पण त्या वाऱ्याच्या असायच्या, उंदरांच्या असायच्या, नाहीतर माझ्या. मी त्यांचा मेहुणा. त्यामुळे त्यांची चेष्टा करायचा मला हक्क होता, आणि कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असल्यामुळे वेळही होता.

दाजींचा धंदा लाइटिंगचा. लग्न असो, जयंती असो, उरूस असो, दाजींची लाकडी पेटी हजर. पेटीत एक लाकडी रूळ, रुळावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, आणि तो फिरवायला जुन्या टेबलफॅनची मोटार. फिरता फिरता पट्टी ज्या माळेच्या पत्तीला घासेल ती माळ पेटायची. अशा आठ माळा एकामागून एक पेटल्या की उजेड पळाल्यासारखा दिसायचा. दाजी रोज त्या रुळाला उदबत्ती ओवाळायचे. माझ्या बहिणीला, गंगासागरअक्काला, त्यांनी इतक्या मायेनं कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

सत्त्याण्णव साली देवस्थान कमिटीचे अध्यक्ष भगवानराव बीडला कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि तिथून एक नवा शब्द घेऊन आले. दाजींना बोलावून म्हणाले, "अप्पा, औंदा शिवरात्रीला कॉम्प्युटरची लाइटिंग पायजे. तुमाला जमत नसंल तर बीडचा मानूस आनू."

दाजी पडल्या चेहऱ्यानं घरी आले. महादेवाच्या देवळाची लाइटिंग ही त्यांची सेवा होती. ती गेली तर पोट उपाशी राहणार नव्हतं, पण गावात आपलं काम उरलं नाही असं झालं असतं. हे ते बोलले नाहीत. अक्कानं पुढं केलेला चहा मात्र त्यांनी परत केला, आणि दाजींनी चहा परत करणं म्हणजे घरात दुखवटाच.

तेव्हा बोलली कावेरी. ही त्यांची मुलगी, बीडच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकून नुकतीच परतलेली. क्लासवाल्यांनी मोडीत काढलेलं एक मशीनही ती एस.टी.च्या टपावरून घेऊन आली होती. "अप्पा, बीडचा मानूस कशाला? मी करते की."

"आन् माझा रूळ?"

"त्येला आराम."

आराम हा शब्द दाजींना झोंबला. पण भगवानरावांपुढं इलाज नव्हता, म्हणून त्यांनी एकच अट घातली. पेटी वापरायची, माळा वापरायच्या, पण रुळाचा एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही.

कॉम्प्युटरमधून निघणारा करंट इतका नाजूक, की त्यावर दाजींची एक माळही पेटली नसती. म्हणून कावेरीनं फळीवर आठ रिले बसवले. रिले म्हणजे किरकोळ करंटानं टकटक करत चालू-बंद होणारं बटण. फळीवरच्या वायरी तिनं पेटीतल्या पत्त्यांना जोडल्या, आणि रूळ बिचारा मधोमध नुसता बसून राहिला. लाइटिंगचा प्रोग्राम फ्लॉपीवर होता. कॉम्प्युटर चालू केला, की प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच सगळ्या माळा एकदम भडकायच्या, मग एकदम विझायच्या. ते निस्तरलं, तर उजेड पळेना. प्रोग्राम घाईचा आणि दाजींचे बल्ब जुने, तापायलाच वेळ घेणारे. एक पेटायच्या आत दुसऱ्याची पाळी यायची, आणि सगळी ओळ चुलीतल्या निखाऱ्यासारखी नुसती धुमसत राहायची. त्या दिवशी दाजींनी दोनदा चहा मागून घेतला.

पण पोरगी हट्टाला बापावरच गेलेली. तिनं प्रोग्रामचा वेग कमी केला आणि आठवडाभरात ओसरीवर आठ माळा सरळ ओळीत पळवून दाखवल्या. पहिलीपासून आठवीपर्यंत, आणि आठवी विझली की पुन्हा पहिली. अक्कानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दाजी ओळीकडे बघत राहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दाजी तोंड उघडून न बोलता मिटतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"काय हो दाजी, आवडलं न्हाई?"

"लई झ्याक," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

शिवरात्रीच्या संध्याकाळी माळा देवळाभोवती चढल्या. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ते गोमुख ओलांडायचं नसतं. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. आमच्या बायका प्रदक्षिणा घालतात त्या दाजींच्या उजेडामागं; रुळावरच्या पट्ट्याच त्यांनी जाऊन परत येण्याच्या हिशोबानं ठोकलेल्या. उजेड चालला की चालायचं, गोमुखापाशी तो उलटा फिरला की आपणही फिरायचं. नव्या सुनांना तर हा नियम कुणी वेगळा शिकवतही नाही.

कावेरीनं बटण दाबलं. उजेड गोमुखाच्या एका बाजूनं निघाला, देवळाला वळसा घालून गोमुखाच्या दुसऱ्या बाजूला आला, आणि आठवी विझून पहिली पेटली. म्हणजे गोमुख ओलांडून सरळ पुढं गेला!

जुन्या बायका सवयीनं मागं फिरल्या. नव्या सुना उजेडामागं पुढं निघाल्या. गोमुखाच्या चिंचोळ्या वाटेवर ताटं ताटांवर आपटली, बेल खाली सांडला, कुणाचा पदर कुणाच्या निरांजनात जाता जाता वाचला. आणि या सगळ्यांच्या पुढं मान वर करून, कॉम्प्युटरचं कौतुक बघत, गोमुख ओलांडून पार पलीकडं गेलेले गृहस्थ होते स्वतः भगवानराव.

"अध्यक्षांनी वलांडलं!" कुणीतरी ओरडलं.

भगवानरावांनी खाली पाहिलं आणि त्यांचा रंगच उडाला. "बंद करा ते कॉम्प्युटर! अप्पा, तुमचा रूळ लावा!"

दाजी महिनाभर ज्या वाक्याची वाट बघत होते, ते हेच. मी त्यांच्याकडं पाहिलं. आता हा माणूस मिशीतल्या मिशीत हसणार आणि वर्षभर मला छळणार, याची मला खात्री होती. पण दाजी कावेरीकडं बघत होते. ती मान खाली घालून फळीवरच्या वायरी सोडायला लागली होती.

"वायर सोडू नगं," दाजी म्हणाले. मग भगवानरावांकडं वळले. "मशीनची चूक न्हाई. पोरीचीबी न्हाई. चूक माझी हाय. मला आधीच दिसलंतं, मी बोललो न्हाई."

फळीवर रिलेची टकटक तेवढी चालू होती. मला चेष्टा सुचेना.

कावेरीनं हळूच विचारलं, "अप्पा, मग सांगितलं कावून न्हाई?"

"तू महिनाभर मला कायबी इचारलंस का, पोरी?"

तिनं कीबोर्ड पुढं ओढला. मग तिनं प्रोग्राम बदलला. पहिलीपासून आठवीपर्यंत जायचं आणि आठवीपासून पहिलीपर्यंत परत यायचं, अशी सोय त्यात होतीच. उजेड आता गोमुखाच्या एका बाजूनं निघून दुसऱ्या बाजूपर्यंत जाऊन परत येत होता. भगवानरावांनी गुरवाला विचारून आपल्या डोक्यावर पाणी शिंपडून घेतलं, आणि बायका पुन्हा चालायला लागल्या.

"आता इचारते, अप्पा," कावेरी म्हणाली. "रुळात तुमाला काय करायचं ऱ्हायलंतं?"

दाजींनी गोमुखाकडं बोट दाखवलं. "म्हाताऱ्या मागं पडत्यात. उजेड मुरडून निगून जातो, आन् त्या अंधारात चालत ऱ्हात्यात. रुळाला थांबता येत न्हाई."

"ह्येला येतंय," ती म्हणाली आणि बोट एका बटणावर ठेवलं. उजेड गोमुखापाशी आला आणि थांबला. पुढच्या बायका वळून परत निघाल्या, मागच्या हळूहळू येत राहिल्या. दाजी लेकीच्या खुर्चीमागं उभे राहून टाचा उंचावत बघत होते.

"थांब... थांब. ती आश्रुबाची आय आजून यायचीय. घाई करू नगं. हां, वळली बघ... आता सोड."