हळदीला गेलेली फिरती खुर्ची

मी फिरती खुर्ची. बोलतेय कसली, करकरतेय; पण ऐका.

माझी शाळा म्हणजे महाप्याच्या आयटी पार्कातली मीटिंगची खोली. आठ वर्षं ऐकलं, पण तिथे कुणी वाक्य पुरं करायचंच नाही, म्हणून मी अर्धशिक्षित. खोडी मात्र एक पक्की शिकले. बसणारा फुशारक्या मारू लागला की मी हळूच खाली बसते. साहेब "आपण वर जाणार!" म्हणायचे आणि टेबलाखाली जायचे. शेवटी मला भंगारात काढलं.

तिथून उचललं नंदकिशोरशेठनी. करंजाड्याजवळच्या गावातले जुने शेतकरी, आता घरमालक. इमारतीच्या गाळ्यात त्यांनी वायफाय घेतलं, माझ्यासकट बारा जणी मांडल्या आणि पाटी लावली : 'डिजिटल हब. गावातच ऑफिस, गावातच नोकरी.' सहा महिने लोक आले, एसीत घोरले, फोन चार्ज करून घरी गेले. नोकरी एकालाही नाही.

शेठ तडकले. "म्हैनाअखेर एक तरी नोकरी लागली पायजे. नायतर गाळा टाईल्सवाल्याला, खुर्च्या भंगारात!"

पुन्हा भंगार! माझी चाकंच गारठली.

आशा एकच, मनस्वी. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून तिला गावातूनच नोकरी हवी. तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आणि नेमकी त्याच दिवशी गावात हळद. आमच्याकडे हळद म्हटली की गल्लीतली प्रत्येक खुर्ची मांडवाची. विचारायची पद्धत नाही. सकाळीच अकरा जणी गेल्या. उरले मी एकटी, माझ्यावर मनस्वी.

लॅपटॉपवर, वस्तू भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या पार्थसरांनी विचारलं, "ग्राहक चिडलाय. वस्तू आत्ताच हवी. तुमच्याकडे एकच आहे. काय कराल?"

तेवढ्यात नवरदेवाची आत्या, शेवंताबाई, दारात! "उठ गो मनस्वी. पावना उभा हाय, नि तू बसलीस?"

"काकी, इंटरव्ह्यू चालू हाय."

"मंग उभ्यानं दे!"

मनस्वीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. मग म्हणाली, "काकी, खुर्ची तुमचीच. पन मी पन तिच्यासोबत येते. ढकला."

आणि शेवंताबाईनं ढकललं! फोनच्या नेटवर इंटरव्ह्यू चालू, खाली पेव्हर ब्लॉक, पुढे बेंजोचा बँड. मला इतका चेव आला की दर खड्ड्याला मी एक बोट खाली.

"मॅडम, तुम्ही बुडताय का?"

"नाही सर, हळदीला चाललेय."

मांडवात मला पाहुण्याखाली सरकवलं आणि बायकांनी उभ्या मनस्वीचे गाल माखले.

"मॅडम, कावीळ?"

"हळद, सर. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ग्राहकाला वस्तू मिळाली, माझं काम थांबलं नाही."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मग सर म्हणाले, "सोमवारपासून या. आणि त्या मागच्या बाई मोकळ्या आहेत का? आमच्याकडे ग्राहकाकडून वस्तू परत आणणं कुणालाच जमत नाही."

शेवंताबाई स्क्रीनमध्ये घुसली. "जेवाला घरी सोडतंस काय रे?"

एक मागितली, दोन लागल्या! शेठनी टाईल्सवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

आता माझ्यावर शेवंताबाई बसते. तिला मात्र मी खाली नेत नाही. जिवाची भीती मलाही आहे. एवढंच मागते, माझ्या चाकांना तेल घाला. रविवारी पुन्हा हळद आहे, बाईंची ड्युटीही तेव्हाच आहे, आणि आम्हां दोघींना ढकलत न्यायला चार गडी सांगितलेत.