रबराची नवाई

रुपाच्या घरात त्या वर्षी पहिल्यांदाच बुरशीला कोणी नाक मुरडलं नाही. तळोद्याच्या उमाकांतभाऊंनी एका चपलांच्या कंपनीसाठी आणून दिलेल्या ट्रेमध्ये उसाच्या चोथ्यावर ती वाढत होती, पांढरी आणि जाडजूड. वेळेवर कापून वाळवली की तिची रबरासारखी ताणणारी चादर होते आणि तिचे चपलांचे तळ करतात, असं त्यांनी समजावलं होतं. पहिला माल पसंत पडला की पाड्यावर कायमचं काम. रुपानं त्यातून एवढंच घेतलं, की मग अमृतला ऊसतोडीला गुजरातेत जावं लागणार नाही. लग्न झाल्यापासून नवरा तिच्या वाट्याला पावसाळ्यापुरताच येत होता.

चादर भरली. रुपानं पातं हातात घेतलं, तर सासू तापीबाई आडवी आली. शेतारानातलं नवं काही नवाईची, म्हणजे नव्या पिकाची पूजा झाल्याशिवाय कापायचं नाही, ही पाड्याची रीत, आणि ही तर अळंबीच की. अमृतनंही आईचीच री ओढली, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्यानंच. पूजा करणारा दलसिंग तर सुरतेला बांधकामावर गेलेला. फोन करून विचारू, असं रुपा म्हणाली. देवाचं फोनवर विचारत नाहीत म्हणून सासूनं तिलाच गप्प केलं, आणि तिनं पातं ठेवून दिलं.

वाट पाहण्यात चादरीतून अळंबीच्या छत्र्या फुटल्या. खालच्या थराचा बोट लावताच भुगा होऊ लागला. उमाकांतभाऊ माल न्यायला आले आणि त्यांनी ट्रेमधला भुगा बोटांनी चाळून पाहिला.

"मन्हा हातमा काहीच नही, ताई," ते म्हणाले. "कंपनीवाला आते सारंगखेडाले काम दी ऱ्हायनात." पाड्याचं काम दुसऱ्या गावाला गेलं होतं.

ऊसतोडीचा मुकादम आला तेव्हा अमृतनं निमूट गोधडी बांधली. रुपानं त्याला निरोपसुद्धा दिला नाही, इतकी ती आतून जळत होती.

मग दलसिंग परतला आणि नवाई झाली. पानावर नवं धान्य, काकडी, आणि तापीबाईनं श्रद्धेनं ठेवलेला तो भुगा. हे काय, म्हणून दलसिंगनं विचारलं. रुपानं सगळं सांगितलं.

"चपलेचा तळ कोण खातं, पोरी?" तो म्हणाला. "नवाई खायच्या वस्तूची. मला विचारायचं तरी."

पूजा आटोपल्यावर घरोघर ताटं वाढली गेली. रुपानं तो भुगा ओंजळीत उचलला आणि सासूच्या भाकरीशेजारी ठेवला.

"नवाई झाली, आई," ती म्हणाली. "खा आता."