एक ऐच्छिक, एक उपक्रम

…आणि स्क्रू घरंगळत जाऊन नेमका फॉर्मवरच्या एका रिकाम्या चौकटीत थांबला. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू, तिळाएवढा. त्यानं भिंग डोळ्याला लावून पाहिलं, तर चौकट सौंदर्यशास्त्राची. चला, सुटलो, त्याला वाटलं, दैवानंच कौल दिला! पण हे टेबल डावीकडे जरासं उतरतं हे त्याला वीस वर्षं माहीत होतं, त्यावर सांडलेली प्रत्येक वस्तू शेवटी डावीकडेच जाते, आणि फॉर्म उलटा ठेवला असता तर दैवानं तर्कशास्त्राची बाजू घेतली असती… पहिलं वर्ष, पेपर दुसरा, कार्यकारणभाव. त्यानं चिमट्यानं स्क्रू उचलला, दांडीत बसवला, पिळला. चष्मा दुरुस्त झाला. फॉर्म होता तिथंच होता.

तत्त्वज्ञानाच्या पदवीचं हे शेवटचं वर्ष. चार सक्तीचे विषय फॉर्मवर आधीच छापलेले — ते किती छान! कुणी विचारत नाही, कुणाला सांगावं लागत नाही. खाली मात्र दोन ओळी होत्या: ऐच्छिक विषय, कोणताही एक, उपक्रम, कोणताही एक. फॉर्म आज पाचपर्यंत कार्यालयात द्यायचा, आणि एकदा दिला की बदल नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं बायको सोडून सगळ्यांनी विचारलं होतं. कारण सांगायला गेलं तर हसू येण्यासारखंच होतं. तीन वर्षांपूर्वी एक आजोबा डोळे तपासायला आले, अक्षरांचा तक्ता वाचता वाचता मध्येच थांबले आणि म्हणाले, "मला काय दिसतंय ते तुम्हाला कसं कळतं हो?" झालं! आजोबा नवा चष्मा घालून टुणटुणीत निघून गेले आणि प्रश्न मात्र दुकानात राहिला. आठ दिवस डोक्यात नुसती भुणभुण. नवव्या दिवशी त्यानं सकाळच्या वर्गांना नाव घातलं. दुकान उघडतं अकराला, तोवर तत्त्वज्ञान. आणि तिथं तो असा रमला, असा रमला की… पण रमणं वेगळं. रमायला काही निवडावं लागत नाही.

खरी अडचण अशी होती की त्यानं घोळ घालून ठेवला होता. तर्कशास्त्राच्या मॅडम या वर्षअखेरीला निवृत्त होणार होत्या. गेल्या परीक्षेत त्याला त्यांच्या पेपरात ब्याण्णव गुण मिळाले, तेव्हा त्या जिन्यात थांबवून म्हणाल्या, "काय हो चष्मेवाले, पुढच्या वर्षी प्रगत तर्कशास्त्र घेताय ना? माझी शेवटची तुकडी आहे." आणि तो म्हणाला, "चालेल की, मॅडम!" त्यानंतर चार दिवसांनी सौंदर्यशास्त्राचे सर भेटले. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण सर ते सर. दहा विद्यार्थी जमले तरच त्यांचा विषय चालणार, आणि जमले होते नऊ. "तुम्ही आलात की झाले बघा दहा!" सर इतक्या आशेनं बघत होते… आणि तो म्हणाला, "चालेल की, सर!"

दोघांनाही हो. जागा एक. आणि दोन्ही वेळा त्याला किती बरं वाटलं होतं! हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्यासाठी पन्नास वर्षांचा सराव लागतो.

आज सकाळीच बायकोनं रंगाच्या दोन पट्ट्या समोर धरल्या होत्या. बैठकीची भिंत रंगवायची होती.

"पिवळा की फिकट हिरवा?"

"कोणताही चालेल."

"अहो, चालेल काय? ती काय गाडी आहे? आवडतो कोणता ते सांगा."

"तुला जो आवडेल तो."

ती पट्ट्या टेबलावर टाकून म्हणाली, "तुमच्याशी भांडायचं म्हणजे उशीला गुद्दे मारणं आहे. मारणाऱ्याचाच हात दुखतो." चिडून नाही, हसूनच म्हणाली. तीसुद्धा हसून म्हणते हेच त्याला आताशा लागायचं. कारण आपण चांगले आहोत म्हणून चालेल म्हणतो, हे त्याला खरं वाटेनासं झालं होतं. आत डोकावून बघावं आणि तिथं कुणीच नसावं, पिवळंही नाही नि हिरवंही नाही, नुसती रिकामी खोली… खरं सांगायचं तर मला याचीच भीती वाटते. फॉर्म हे निमित्त.

नऊ वर्षांचा असताना आई त्याला आणि दादाला कपड्यांच्या दुकानात घेऊन गेली होती. शर्ट दोन उरलेले, एक निळा, एक तपकिरी. दादानं निळ्यावर झडप घातली. आई म्हणाली, "तुला हा चालेल ना रे?" आणि त्यानं मान हलवल्याबरोबर दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "वा! गुणी आहे हो धाकटा." आईचा हात डोक्यावरून फिरला. तपकिरी शर्टाची बटणं, कॉलर, सगळं त्याला अजून आठवतं. एकच गोष्ट आठवत नाही, की आपल्याला निळा हवा होता का? की दादानं घेतला म्हणून नंतर हवासा वाटला? चाळीस वर्षं झाली, त्या दुकानात परत जाऊन कुणाला विचारणार!

"नंबर तपासायला एक बाई आल्यात," काउंटरवरून ताईंनी आवाज दिला. ताई म्हणजे दुकानाचा निम्मा जीव. फ्रेम विकायच्या, दांड्या वाकवून कानाला बसवायच्या आणि मालकाला वेळेवर भानावर आणायचं, ही तिन्ही कामं त्या अठरा वर्षं करत होत्या.

आलेल्या बाई टपाल वाटणाऱ्या होत्या. घरांचे क्रमांक हल्ली दोन दोन दिसायला लागले होते. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, तपासणीच्या चष्म्याची जड चौकट नाकावर ठेवली, एक काच घातली, काढली, दुसरी घातली. हे बरं की हे? पहिलं की दुसरं? दिवसातून दोनशे वेळा तो हे विचारतो आणि लोक उत्तरं देतात, हे त्याला आज पहिल्यांदाच नवलाचं वाटलं. मग शेवटी त्यानं नेहमीची तपासणी केली. काच काढायची, हातातल्या हातात फिरवल्यासारखं करायचं आणि तीच परत घालायची. दहातले सहा जण लगेच म्हणतात, दुसरी बरी. बिचारे! त्यांना डोळ्यांपेक्षा चष्मेवाल्याची काळजी जास्त. एवढा खटाटोप करतोय, तर काहीतरी फरक पडला म्हणायला हवा. अशांचा नंबर त्यांच्या उत्तरांवर विसंबून काढायचा नसतो.

"हे बरं की हे?"

बाई जराशा थांबल्या. "काय थट्टा करता का? तीच काच आहे ही."

अशी माणसं त्याला फार आवडतात. आवडतात… बघा, हे तर न विचारता आलं.

बाई गेल्यावर तो पुन्हा फॉर्मपुढे बसला. साडेतीन वाजले. ताई आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सकाळपासून बघतेय, त्या कागदाला काय पाळणा म्हणताय काय? उठा. बसा त्या खुर्चीत."

"मी?"

"मग कोण, तुमचे सर? बसा म्हणते ना."

तो बसला. वीस वर्षांत या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. इथून तक्ता बराच लांब वाटतो. ताईंनी फॉर्म हातात घेतला, जड चौकट त्याच्या नाकावर ठेवली, काच न घालताच, आणि अगदी त्याच्याच सुरात म्हणाल्या, "डोळे मिटा. विचार करायचा नाही, पटकन सांगायचं. पहिलं… तर्कशास्त्र, सोमवारी सकाळी. कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"दुसरं… तर्कशास्त्र, सोमवारी सकाळी. पहिलं की दुसरं?"

"दुसरं," तो म्हणाला. "दुसरं जास्त—"

आणि थांबला. ताईंच्या तोंडातून एक बारीकसा आवाज आला, मग तो फुटलाच, आणि त्या काउंटरला धरून हसायला लागल्या. तो चौकट नाकावर तशीच ठेवून दोन क्षण बसून राहिला आणि मग त्यालाही जे हसू आलं ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी आलं. अरे, दहातला सहावा मी! ज्यांच्या उत्तराला मी वीस वर्षं मनातल्या मनात फुली मारली ते सगळे याच खुर्चीत बसून माझ्यासाठी 'दुसरं' म्हणत होते… आणि मी जिन्यात मॅडमसाठी, व्हरांड्यात सरांसाठी.

हसण्याचा जोर ओसरता ओसरता त्यानं फॉर्म घेतला आणि उपक्रमांची ओळ वाचली. वादसभा. नको, कुणीतरी आत म्हणालं. त्यानं दचकून पुन्हा वाचलं. वादसभा: दर शुक्रवारी, टाळ्या, घंटा, विरुद्ध बाजूला हरवणं… नको! मुळीच नको! काय मजा होती त्या शब्दात. तोंडात लिंबू पिळल्यासारखा. त्यानं ओळीवर काट मारली. पुढचं वाचनमंडळ, तेही नको. तिसरा उपक्रम होता प्रश्नतास: आठवड्यातून एकदा शेजारच्या प्राथमिक शाळेत जायचं, मुलांबरोबर जमिनीवर बसायचं आणि ज्यांची उत्तरं कुणालाच माहीत नाहीत असे प्रश्न एकमेकांना विचारायचे. त्यासाठी कुणीच त्याला गळ घातली नव्हती. त्यानं खूण केली, इतकी दाबून की पेनाचं टोक कागदाच्या पलीकडे उमटलं.

"हे कुणी सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि वरची चौकट तशीच रिकामी ठेवून निघाला.

कॉलेज दुकानापासून दहा मिनिटांवर. कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात पोचतो न पोचतो तोच वर्गातून मॅडम बाहेर आल्या, बोटांना खडू लागलेला.

"आलात का! तुमच्यासाठी ग्रंथालयातून दोन पुस्तकं काढून ठेवलीत. भरला ना फॉर्म?"

तोंड उघडलं तेव्हा नेहमीचा शब्द जिभेवर होताच, तयार, गुळगुळीत. तो गिळून त्याच्या जागी दुसरं काही शोधायला त्याला इतका वेळ लागला की मॅडमनी भुवया वर केल्या.

"मॅडम, मी त्या दिवशी हो म्हटलं ना, ते विचार न करता म्हटलं."

"म्हणजे? घेत नाही?"

"तेही माहीत नाही. घेईनसुद्धा. पण… मी सौंदर्यशास्त्राच्या सरांनाही हो म्हटलंय."

"दोघांना हो? एका जागेसाठी?"

"हो."

"अहो, तर्कशास्त्रात ब्याण्णव गुण आहेत तुम्हाला!" मॅडमचा आवाज व्हरांडाभर गेला. "मी दिलेत!"

शेजारच्या वर्गाच्या दारात सौंदर्यशास्त्राचे सर उभे होते. किती वेळ ते कळलं नाही. "म्हणजे आम्ही नऊच?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. नेहमीसारखा या इथंच तो धावत पुढे झाला असता. तसं नाही हो सर, घेतो हो मॅडम, दोन्ही घेतो, एक बाहेरून बसून ऐकतो… पाय हलले नाहीत. "मला माफ करा," तो म्हणाला, "चूक माझीच आहे. पाचपर्यंत काय ते लिहितो, पण काय लिहीन ते आत्ता सांगता येणार नाही."

"शोभतं का हे या वयात?" मॅडम म्हणाल्या. मग दोघं जिन्याकडे निघाले. एरवी एकमेकांच्या विषयाला नाकं मुरडणारी ती दोन माणसं त्याच्याविषयी काहीतरी बोलत, अगदी एकमतानं, खाली उतरून गेली.

तो बाकावर बसला. दोन भली माणसं त्याच्यावर रागावली होती, खरीखुरी रागावली होती, आणि त्याला वाईट वाटत होतं, मनापासून. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी, लाज वाटावी इतका आनंद झाला होता. म्हणजे माणसं रागावतात आणि तरी आपण असतो! एकटे बाकावर बसलेले, पण असतो. त्यानं फॉर्म गुडघ्यावर पसरला. आता काहीही लिहिलं तरी कुणी शाबासकी देणार नव्हतं. मॅडमचा विषय घेतला तरी त्या म्हणणार, उपकार केले, आणि सरांचा घेतला तरी ते विचारणार, नक्की ना? या चौकटीत खूश करायला कुणीच उरलं नव्हतं.

मग? तुला काय हवंय?

पाचाला वीस मिनिटं होती. आत बराच वेळ शांत होतं, पण ती रिकाम्या खोलीची शांतता नव्हती. कुणीतरी आहे, त्याला असं कधी कुणी विचारलेलं नाही, म्हणून ते जरा लाजतंय, घसा साफ करतंय… मी पेनाचं टोपण काढलं आणि त्याला म्हटलं, सावकाश सांग, मला खरंच माहीत नाही.