हाताचा फोटो

शांताबाईंनी पदराच्या टोकात गुंडाळून आणलेला मोबाइल काढला आणि प्लास्टिकच्या कागदावर वाळत घातलेल्या कुरड्यांच्या मधोमध ठेवून दिला. चार वर्षांत त्यांच्या हातून एक कुरडई मोडली नव्हती. आज तीन मोडल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नाही. माह्या पोरीनं फोनवर वाचून दाखवलं. आता तुमी वाचा. मोठ्यानं."

सुनेत्राने हातातलं सूप खाली ठेवलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या गच्चीवर सकाळी दहालाच ऊन टोचायला लागलं होतं. तिने मोबाइल उचलला. पडद्यावर एक हात होता, सोऱ्या दाबणारा, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या डागाने चकाकणारा. खाली हिंदीत लिहिलं होतं : इन हाथों को पति ने जलाया. आज यही हाथ आपके घर का स्वाद बनाते हैं.

तिने मोठ्याने वाचलं नाही.

"जमत नाही ना?" शांताबाई म्हणाल्या. "माह्या नवऱ्यानं जाळलं म्हने. कधी जाळलं हो, बाई? चिकाचं पातेलं कुठं कलंडलं होतं? माह्या घरी का तुमच्या?"

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ दोघींनाही ठाऊक होती. खालच्या स्वयंपाकघरात शेगडीचा एक पाय तोकडा होता. त्याखाली लाकडाची चकती सरकवून काम चाललं होतं. गव्हाचा चीक घोटता घोटता चकती निसटली आणि उकळतं पातेलं शांताबाईंच्या हातावर आलं. दवाखान्यात सुनेत्राच घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी नवी शेगडी आली.

"दीड महिना त्या मानसानं माह्ये केस विंचरले," शांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. "सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्युटी करून ये, भात टाके, पट्टी बदले. मी वरडली तं तोच रडे. आन् आता कंपनीत त्याच्या बाजूले कोनी डबा घेऊन बसत नाही. माह्या पोरीची, इंदूची सासू तिले म्हनते, तुझा बाप असा हाय, हे लग्नाच्या आंधी सांगितलं काहून नाही?"

"मी काढून टाकायला लावते. आत्ताच्या आत्ता."

"काढून का होते? ज्यानं पायलं त्यानं पायलं."

त्यांनी सुनेत्राच्या हातातून मोबाइल घेतला, पदराने पुसला आणि जिना उतरून गेल्या. पातेल्यात तासाभराच्या कामाचा चीक शिल्लक होता. तो तसाच आळत गेला.

'सुनेत्राची गच्ची' हे पेज जानेवारीत सुरू झालं, ते यामिनीच्या हौसेतून. सुनेत्राची ही सून नवा रायपूरच्या एका ऑफिसात कामाला होती. त्याआधी कुरड्या, खारोड्या आणि सांडगे जायचे ते ओळखीपाळखीच्या मराठी घरांत आणि गोल बाजारातल्या दोन दुकानांत. यामिनीने आधी ताटांचे फोटो टाकले, खाली भाव लिहिले. पंधरा जण बघायचे, त्यातले बारा नातेवाईक. मग तिने छोट्या धंद्यांसाठी असलेला ऑनलाइन वर्ग लावला. तिथल्या सरांनी सांगितलं की माल कुणी विकत घेत नाही, लोक गोष्ट विकत घेतात. पहिल्या ओळीत बोट थांबलं पाहिजे. फोटो जवळून हवा, शक्यतो हाताचा. आणि पोस्ट टाकायची ती संध्याकाळी सातला, लोक घरी येऊन टेकतात तेव्हा.

हाताची पोस्ट चार लाख लोकांनी पाहिली. जयपूरहून, बंगळुरूहून मागण्या आल्या. सुनेत्राने चौघी बायका नव्याने लावल्या. खालच्या प्रतिक्रियांमध्ये लोक लिहीत होते : असल्या नवऱ्याला फासावर द्या, त्याचं नाव सांगा, आम्ही बघून घेतो.

यामिनी ऑफिसच्या बसमधून उतरून घरात शिरली तेव्हा सुनेत्रा दारातच उभी होती.

"कोणी सांगितलं तुले ते लिहायला?"

"काय, आई?"

"शांताबाईंच्या नवऱ्यानं हात जाळला म्हणून. कोणी सांगितलं?"

यामिनीने खांद्यावरची बॅग काढली. "आई, नाम कहाँ लिखा है? चेहरा भी नहीं है. फक्त हात आहे."

"शांताबाईंच्या बीरगावात तो हात ओळखतात, यामिनी! अख्खा पारा, अख्खी वस्ती ओळखते. तू काय समजून राहिली, गरिबाचा हात म्हणजे कोणाचाही हात?"

"मैंने किसी का बुरा तो नहीं चाहा. त्यांचंच काम वाढलं ना? सगळेच थोडं वाढवून लिहितात."

"हे वाढवणं आहे? एका भल्या माणसाले तू चार लाख लोकांसमोर राक्षस करून टाकलं. कुरड्या विकायसाठी! कुरड्या!"

आतल्या खोलीत सुनेत्राच्या नवऱ्याने, यशवंतरावांनी, टीव्हीचा आवाज कमी केला.

"आणि मले विचारलं काहून नाही?"

यामिनी तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, मी तुम्हाला आधी पाठवली होती. दुपारी. आपने दिल भेजा था."

"मी नीट वाचली नव्हती," सुनेत्रा म्हणाली. "फोटो पाहिला फक्त."

ती स्वयंपाकघरात गेली आणि फडकं घेऊन ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छच होता. तिने तो दोनदा पुसला.

यामिनीने पोस्ट त्याच संध्याकाळी काढून टाकली आणि तसं येऊन सांगितलंही. पण सुनेत्राचं समाधान झालं नाही.

"आता माझा व्हिडिओ काढ. मी सांगते खरं काय ते."

"आई, मत करो. किचन आपली होती असं म्हणालात, तर लोक तुम्हालाच खातील. आपण गप्प बसू. आठ दिवसात विसरतात सगळे."

"तो माणूस आठ दिवस एकटा डबा खाईल, आणि मी गप्प बसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर व्हिडिओ काढला. सुनेत्रा सरळ कॅमेऱ्याकडे बघून हिंदीत बोलली. शांताबाईंच्या नवऱ्याने त्यांना कधी हात लावलेला नाही. हात भाजला तो माझ्या घरात, माझ्या शेगडीवर. आमच्या पोस्टमध्ये लिहिलं ते खोटं होतं. मी त्या दोघांची माफी मागते. यामिनीने सातची वाट न पाहता तो लगेच टाकला.

रात्रीच्या जेवणापर्यंत दोनशे अकरा लोकांनी तो पाहिला. दूरगावच्या बहुतेक मागण्या रद्द झाल्या. एकाने लिहिलं, कामगारांना जाळता आणि वर लोणकढी थापा मारता. दुसरीने लिहिलं, त्या नवऱ्यानेच दमदाटी करून हे बोलायला लावलं असणार. त्या एकीला पंचावन्न जणांनी पाठिंबा दिला होता.

सुनेत्राने फोन टेबलावर आपटला.

"खोट्याले चार लाख," ती म्हणाली, "आणि खऱ्याले दोनशे अकरा. त्यातही पंचावन्न जणांना खोटंच पाहिजे."

यामिनीने पानातला घास तसाच ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "सॉरी, आई," ती म्हणाली. सुनेत्राने तिच्या पानात पोळी वाढली.

शांताबाई कामावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेत्रा रिक्षा करून बीरगावला गेली. गल्लीच्या तोंडाशीच तिने घर विचारलं, तेव्हा पोहे निवडणाऱ्या बाईने तिला दिशा दाखवली आणि वर सांगितलं, "वही ना, जिसका मरद जलाता है?"

शांताबाईंच्या नवऱ्याची, भैय्यालालची, त्या दिवशी सुट्टी होती. तो दारात बसून भाजी चिरत होता. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस. सुनेत्राला बघून तो उठला, आतून खुर्ची आणली आणि बसायच्या जागी गमछा फिरवला.

"बइठव, दीदी."

सुनेत्रा बसली नाही. तिने व्हिडिओ लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो हात लांब करून, डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिला.

"बने कहे हव, दीदी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "फेर इहां येला कोन देखही?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. चांगलं बोललात, पण इथे हे बघणार कोण, एवढंच त्याने छत्तीसगढीत विचारलं. तो चहा ठेवायला आत गेला. राग असता तर बरं झालं असतं, असं सुनेत्राला वाटलं.

शांताबाई बाहेर आल्या. पायात चपला घालून.

"चला."

"कुठं?"

"पाऱ्यात. फोनवर वाचनारे चार-दोन. बाकीच्याईनं दुसऱ्याच्या तोंडानंच आयकलं हाय. तुमीबी तोंडानंच सांगा."

पहिल्या दारात एक म्हातारी बसली होती. सुनेत्रा तिच्यापुढे वाकून म्हणाली, "अम्मा, वो जो बात फैली है ना, गलतफहमी हो गई थी." म्हातारीने मान हलवली. शांताबाई एक पाऊल मागे उभ्या होत्या.

दुसऱ्या घरी सुनेत्रा म्हणाली, "मेरी बहू से गलती हो गई." शांताबाई बाजूच्या नालीकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या घरी ती म्हणाली, "हाथ मेरे घर में जला था. भैय्यालालजी ने तो सेवा की." घरातल्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने ओठ मुडपले.

चौथं घर त्या पोहेवालीचं होतं. सुपडं मांडीवरून न उतरवता तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सुनेत्राला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची साडी, हातातला मोठा फोन.

"आपके नाम से छपा था न?"

"हाँ."

"तो आपने छपने से पहले पढ़ा नहीं था?"

गल्लीत कुणाचा तरी पंप चालू होता. त्याचा आवाज मधेच बंद पडला. सुनेत्राने मागे वळून पाहिलं. शांताबाईंनी कमरेला खोचलेला पदर सोडून डागावर ओढून घेतला होता, आणि त्या खाली बघत होत्या. त्या तिच्या उत्तराची वाट बघत नव्हत्या. काय उत्तर येईल ते त्यांना ठाऊक असावं.

"पढ़ा था," सुनेत्रा म्हणाली. "पूरा पढ़ा था."

पोहेवालीचे हात थांबले.

"मुझे मालूम था कि झूठ है. फिर भी मुझे अच्छा लगा था."

बाईने सुपडं बाजूला ठेवलं, आत वळून कुणाला तरी हाक मारली आणि म्हणाली, "इधर आ, ये भी सुन ले."

सुनेत्राने ते पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. शेगडीच्या तोकड्या पायासकट.

तिथून निघाल्यावर शांताबाई पहिल्यांदाच तिच्या बरोबरीने चालू लागल्या.

"ती म्हातारी राहिली," त्या म्हणाल्या. "तिले तुमी बरोबर नाही सांगितलं."

दोघी मागे वळल्या.