मंत्र्यांनी एसटी पकडली

माझं नाव युवराज. वडलांनी हौसेनं ठेवलं होतं. साठी उलटली तरी गादी काही मिळाली नाही, पण दिल्लीत परिवहन खात्याचा राज्यमंत्री झालो. राज्यमंत्री म्हणजे काय, हे आमच्या इंदापुरात अजून कुणाला नीट कळलेलं नाही आणि मीही ते फार समजावून सांगत नाही. मोठे मंत्री परदेशात असले की फीत कापायची आणि ते देशात असले की फोटोत त्यांच्या मागं उभं राहायचं, एवढं काम मी मन लावून करतो.

त्या दिवशी बारामतीत राष्ट्रीय परिवहन धोरणावर ‘मंत्र्यांशी थेट संवाद’ असा कार्यक्रम होता. यायचं होतं मोठ्या मंत्र्यांना. त्यांचं ऐनवेळी रद्द झालं, पण मांडव, चहा आणि फ्लेक्स काही रद्द होईनात, म्हणून मला धाडलं. फ्लेक्सवर त्यांचाच फोटो होता. माझा नंतर कोपऱ्यात चिकटवला होता, आणि वाऱ्यानं तो सारखा उलटा होत होता.

माझा स्वीय सहायक ज्ञानेश हुशार पोरगा. गाडीत त्यानं माझ्याकडून सगळं घोटून घेतलं होतं : बहुविध वाहतूक, हरित इंधन, शेवटच्या मैलापर्यंत जोडणी. आणि आमचे तालुकाध्यक्ष संभाजीराव त्याच्याहून हुशार. त्यांनी प्रश्न आधीच आपल्या माणसांत वाटून ठेवले होते.

पहिला प्रश्न आला, “साहेब, तुमच्या धोरणामुळं देशाची जी घोडदौड चाललीय, तिच्याबद्दल दोन शब्द सांगा.”

मी सांगितले. दोन नव्हते. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना तेवढ्यात झोप लागली आणि ती पुरीही झाली.

मग पणदऱ्याचे मोहनराव उठले. उसाचे बागायतदार, आवाज खणखणीत. त्यांना संभाजीरावांनी प्रश्न दिलेला नव्हता. “साहेब, ते शेवटच्या मैलाचं तुमी मघाधरनं सांगताय. शेवटचा कुठनं मोजायचा? माझ्या बांधावरनं बघितलं तर त्यो पयला मैल हाय. गाडी तितंच रुतती.”

मांडव हसला. मीही हसलो. उत्तर येत नसेल तर हसावं, हे मला राजकारणात फार लवकर कळलं होतं.

त्यानंतर माईक गेला उत्कर्षा नावाच्या मुलीकडं. एमआयडीसीत दूध प्रकल्पात कामाला होती, पहिली पाळी संपवून तशीच आली होती. डोक्यावरच्या टोपीचा वळ अजून कपाळावर होता. ती म्हणाली, “माझा साधा प्रश्न हाय. मी रोज सणसरवरनं एसटीनं येते-जाते. तुमी एसटीत शेवटचं कधी बसला हुता?”

खरं उत्तर असं होतं, की मला आठवत नव्हतं. पण कॅमेरे माझ्याकडं वळले होते, आणि अशा वेळी माझी जीभ ब्रेक गेलेल्या ट्रॉलीसारखी उताराला लागते.

“शेवटचं कशाला विचारता ताई? आजच! हितनं इंदापूरला मी एसटीनंच जाणार!”

टाळ्यांनी मांडव दणाणला. ज्ञानेशनं मात्र डोळे मिटून घेतले.

स्टँडवर पोचलो तर इंदापूरची गाडी फलाटाला लागलेली. संभाजीरावांनी माणसं पुढं धाडली होती. खिडकीजवळची जागा माझी, सीटवर धुतलेला टॉवेल, समोर फोटोवाला. घोषणा झाल्या. माझे डोळे भरून आले, काहीसे गुलालानं. गाडी अगदी वेळेवर सुटली.

फलाटावर बरीच माणसं राहिली होती. पिशव्या, बोचकी, कडेवर पोरं. त्यात उत्कर्षा होती आणि तिच्याशेजारी नऊवारीतली, डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली एक म्हातारी. मी खिडकीतून हात हलवला. त्यांनीही हलवला. उत्कर्षा तर दोन्ही हात हलवत होती, आणि म्हातारी गाडीमागं चार पावलं पळाली. लोकांचं एवढं प्रेम मी निवडणुकीतसुद्धा पाहिलं नव्हतं. मी फोटोवाल्याला म्हटलं, “हे घे. हे घे आधी.”

गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मला बरं वाटलं. एसटीला केवढा प्रतिसाद! मी बाजूच्या माणसाला विचारलं, “कुठं निघाला?”

“तुमच्यासंगं,” तो म्हणाला.

त्याच्या पलीकडच्याला विचारलं. तोही माझ्यासंगंच निघाला होता. त्याच्या पलीकडं संभाजीरावांचे मेव्हणे होते.

पिंपळीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची गाडी रखडली. कंडक्टर सोनम नावाची तरुण बाई होती. माणसांतून वाट काढत ती माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, रागावणार नसला तर एक बोलू?”

“बोला की.”

“ही समदी तुमचीच माणसं हायती. रोजची माणसं फलाटावरच राह्यली.”

“पण ती तर मला निरोप देत होती. हात करत होती.”

सोनमनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की तशा नजरेनं माझ्याकडं फक्त माझी बायको पाहते. “निरोप न्हवता, साहेब. गाडी थांबवा म्हनत हुत्या. त्या म्हातारीचं परवा डोळ्याचं ऑपरेशन झालंय. म्या दारात हुते, पर तुमच्या लोकांनी मला दारसुदिक उघडू दिलं न्हाय.”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. आमच्या गच्च भरलेल्या एसटीमागं माझी गाडी होती. तिच्यामागं संभाजीरावांची, मेव्हण्यांची, सरपंचांची, एकामागं एक पांढऱ्या गाड्यांची वळणापर्यंत ओळ लागली होती. प्रत्येकीत एकटा ड्रायव्हर. माझ्या गाडीत तेवढा ज्ञानेश, एसी लावून. माणसं एसटीत चेंगरलेली आणि मोटारी रिकाम्या हवा खात चाललेल्या. दिल्लीत आम्ही परिवहन धोरण समजावायला रंगीत तक्ते लावतो. असा तक्ता मात्र मी आजवर पाहिला नव्हता, आणि तो काढणारा मीच होतो.

“गाडी माघारी घ्या,” मी म्हणालो.

“तसं न्हाय करता येत साहेब. पुढं माणसं वाट बघत्यात.” सोनमचं बरोबर होतं.

मग मी ज्ञानेशला फोन लावला. “सगळ्या गाड्या माघारी फिरव. स्टँडवर जा. राहिलेली माणसं बसव आणि ज्याला जिथं जायचंय तिथं पोचव. डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजीबाई माझ्या गाडीत.”

संभाजीराव गर्दीतून ओरडले, “साहेब! मंग आमी कशात बसायचं?”

“तुमी बसलाय की. एसटीत.”

“पर आमी तर फोटोपुरतं...” एवढं बोलून ते थांबले. ते खरं बोलले, हे माझ्या आधी त्यांच्याच लक्षात आलं.

पुढचा प्रवास मी विसरणार नाही. थांब्याथांब्यावर खरे प्रवासी चढायला लागले आणि आमचे कार्यकर्ते आत आत दाबले गेले. काही जण तोंड लपवून उतरले. मी एका बाळंतिणीला माझी जागा दिली. हे काही फोटोसाठी केलं नाही. म्हणजे, करता आलं नाही. फोटोवाला तेव्हा दोन बोचक्यांमध्ये अडकला होता. उभा राहिलो आणि कळलं, की वरच्या दांड्याला हात पुरायला मला टाचा उंचवाव्या लागतात. देशाच्या परिवहनाचा भार उचलणारा माणूस सणसरपर्यंत चवड्यांवर उभा होता.

काटेवाडी मागं पडल्यावर आमच्या गाड्या हॉर्न देत एसटीला ओलांडून गेल्या. माझ्या गाडीच्या मागच्या काचेतून हिरवी पट्टी दिसली. म्हातारीनं हात हलवला. ह्या वेळी मी नीट निरखून पाहिलं. निरोपच होता.

सणसरच्या फाट्यावर उत्कर्षा उभी होती. तिला सरपंचांच्या गाडीनं आधीच सोडलं होतं, तरी ती घरी न जाता एसटीची वाट पाहत थांबली होती. मी उभा होतो तिथल्या खिडकीशी येऊन म्हणाली, “साहेब, गाडी पाठवली, बरं वाटलं. पर उद्याचं काय? पाळी सुटली की समद्या बाया एकाच गाडीवर पडतात. रोज कोनतरी राहतंच. आज तुमच्यामुळं समदीच राह्यली, एवढाच फरक.”

माझ्याकडं तीन उत्तरं तयार होती. एक राज्याकडं बोट दाखवणारं, एक महामंडळाकडं, आणि तिसरं एवढं लांबलचक होतं, की ते संपेस्तोवर गाडी सुटली असती. तिन्ही ओठांवर आली. पण मघापासून पायांत गोळे आले होते, आणि पायांत गोळे आले असताना माणसाला खोटं सुचत नाही.

“मला माहीत न्हाय,” मी म्हणालो. “पण तुमच्या पाळीच्या वेळा मला सांगा. आगारात मी स्वतः जातो. पाळी सुटल्यावर एक गाडी जादा मागतो.”

“ज्ञानेश सरांना सांगितल्यात स्टँडवरच,” ती म्हणाली. “तुमी इसरणार, म्हनून.” सोनमनं बेल मारली.

इंदापूर स्टँडवर माझ्या स्वागताची तयारी होती. हलगीवाल्यांना सांगून ठेवलं होतं, की साहेब एसटीनं येणारेत. त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता, म्हणून ते माझी गाडी दिसायची वाट पाहत होते. गाडी दिसली, हलगी कडाडली, दार उघडलं, आणि कुणीतरी पुढं न बघता हार घातला. मी पोचलो तेव्हा म्हातारी बाकावर बसली होती, गळ्यात हातभर जाड झेंडूचा हार, आणि हलगीवाले कोपऱ्यात चहा पीत होते. एसटीतून मी उतरलो तेव्हा कुणी वाजवलं नाही. संभाजीरावांनी एकदा “विजय असो” म्हटलं आणि खाली बसून बूट काढले.

मी म्हातारीजवळ गेलो. नाव विचारलं.

“शकुबाई,” ती म्हणाली, आणि हार काढून माझ्या हातात दिला. “हे तुजं हाय म्हनं. धर. गाडी ग्वाड हाय तुजी, पर लई गार. तू डायव्हर का?”

“न्हाय आजी, मंत्री हाय. परिवहन खात्याचा.”

“म्हंजी एसटीचा?”

समजावून सांगायचं तर रात्र झाली असती. “व्हय,” म्हणालो.

“मंग सांग, बावड्याची गाडी कवा हाय?”

ज्ञानेश पुढं झाला, म्हणाला, आजींना आपल्या गाडीनं सोडू. पण शकुबाई ऐकेना. तिची जाऊ त्याच एसटीनं कुठल्यातरी मधल्या थांब्यावरून चढणार होती आणि तसं दोघींचं ठरलं होतं. मी चौकशीच्या खिडकीवर गेलो. रांगेत माझ्यापुढं चार माणसं होती. एकानं ओळखलं आणि “पुढं जा साहेब” म्हणाला. मी गेलो नाही, याचं मला अजूनही थोडं कौतुक वाटतं. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसानं मान वर न करता वेळ सांगितली आणि फलाट सांगितला.

मी परत येऊन शकुबाईला म्हणालो, “अर्ध्या तासानं हाय, आजी. तिसऱ्या फलाटावर लागंल. मी थांबतो.”

तिनं मान डोलावली, पट्टीखालून मला एकदा न्याहाळलं, आणि शेजारी बसलेल्या बाईकडं वळून विचारलं, “बाई, बावड्याची गाडी कवा हाय गं?”