भांगाच्या पाण्यावरचा पूर्णचंद्र

हेमंतातल्या सायंकाळी, सूर्य पाण्याला टेकण्याच्या जरा आधी, पाचूबंदरच्या बांबूच्या वलांड्यांवर वाळणाऱ्या बोंबलांमधून खारा वारा वाहत येई आणि त्या वाऱ्याच्या अंगाखालून एक अतिसूक्ष्म करकर ऐकू येई; जणू एखादा कीटक रेशमाच्या कोशाला आतून हलकेच दात लावतो आहे. इनास आपल्या घड्याळाला चावी देत असे. जपमाळेचा मणी ओढताना माझी बोटे जितकी सावध असतात, तितकीच त्याची ती यंत्रतेलाने जन्मभर काळवंडलेली बोटे त्या इवल्याशा चावीवर सावध असत. आतली कमान पुरती भरल्याचा प्रतिकार जाणवला की तो थांबे, डोळे मिटून घड्याळ कानाशी नेई, आणि त्या क्षणी त्याच्या मुद्रेवर जे उमटे त्याला प्रार्थनेवाचून दुसरे नाव मला सुचत नाही.

इनास पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातला. बापाची होडी सोडून तो मोठ्या जहाजांच्या यंत्रघरात उतरला, अभियंता झाला, आणि निवृत्तीच्या अखेरच्या सफरीत, कुठल्याशा थंड बंदरात, आयुष्यातली एकमेव चैन करून हे मनगटी घड्याळ घेऊन परतला. मी वसईतला, देवळाच्या सावलीत राहणारा, पाठशाळेत संस्कृत शिकलेला आणि पुढे तेच शिकवत म्हातारा झालेला. गावाला तिथी-नक्षत्र सांगणे हेच माझे उरलेले काम. संध्यावंदनापूर्वी मी किल्ल्यातून चालत बंदरापर्यंत जाई आणि त्याच्या ओट्यावर टेकत असे. त्याची पत्नी मार्था माझ्यापुढे न चुकता शहाळे ठेवी.

"घ्या गुरुजी. शहाळ्याला मासळीचा वास नाय लागत."

"वास नाय लागत," इनास आतून म्हणे, "पन पाप लागत असेल. विचार त्यांना."

त्या घड्याळाचे सौंदर्य मला उशिरा कळले. यंत्राला सौंदर्य असते हेच मुळी मला उशिरा कळले. शुभ्र तबकडीवर तीन लहान तबकड्या, कडेला दोन कळा. वरची दाबली की एक लांब, निळसर काटा धावू लागे, पुन्हा दाबली की थबके, आणि खालची दाबली की अपराध्यासारखा आपल्या मूळ जागी परते. पालथे केले की काचेतून आतले दाते, माणकांचे लालसर ठिपके आणि अखंड उघडझाप करणारे तोलचक्र दिसे. निद्रिस्त बालकाच्या टाळूखाली जसे जीवन धडधडताना दिसते, तसे. आणि तबकडीच्या पायथ्याशी एक अर्धवर्तुळाकार खिडकी होती. तीत गडद निळे आकाश, सुवर्णाचे तारे, आणि एका बाजूने उगवून दुसऱ्या बाजूला मावळणारा सोन्याचा चंद्र. इनासचा बाप तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारा कोळी. त्याच्या मुलाने जगातली सगळी घड्याळे सोडून चंद्राचे घड्याळ निवडावे, यात मला आता नवल वाटत नाही.

दर पौर्णिमेला तो आपला चंद्र माझ्या पंचांगाशी ताडून पाही. एकदा दोन्हींत अंतर पडले, तेव्हा मी त्याला म्हटले, "तुझा चंद्र एका चालीने चालतो, इनास. आकाशातला तसा चालत नाही. म्हणून तर कधी तिथीचा क्षय होतो."

"म्हंजे दिवस खातो तो?"

"दिवस नव्हे, तिथी. सूर्य उगवून गेल्यावर ती येते आणि पुढचा सूर्य उगवण्याआधी संपते. एकही सूर्योदय तिला पाहत नाही."

"बिचारी," एवढेच तो म्हणाला, आणि खिडकीजवळची बारीक कळ काडीने दाबून त्याने चंद्र एक पाऊल पुढे सरकवला.

जहाजावर असताना तो मार्थाला घरी येण्याची तारीख कधी कळवत नसे. "पुनवेच्या उधानाला येतो," एवढाच निरोप धाडी, आणि ती त्या दिवशी भर मध्यान्ही, चोपलेल्या वाळूवर लाटा आदळत असताना, निळे लुगडे नेसून दारात उभी राही. मार्था आतल्या केळीच्या वाड्यांतली, समुद्र न कळणारी. तिच्यासाठी उधाण म्हणजे केवळ नवऱ्याच्या पावलांचा आवाज. निवृत्तीनंतर खेळ उलटा झाला. ती माणिकपूरला बाजाराला निघाली की इनास वरची कळ दाबून लांब काटा सोडी आणि ती उंबऱ्यात आली की थांबवी. "आज केळीवालीपाशी लई बोललीस," असे तो काट्याकडे पाहून म्हणे; आणि ती पिशवीने त्याच्या गुडघ्यावर हलकेच मारी.

एका शरदात ती बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला, आणि काटा धावतच राहिला. इनास रस्त्याकडे पाहत होता. तिच्याच पदराआडून, तिच्याच वाटेकडे.

त्यानंतर त्याचे दिवस एकेक करून क्षयतिथी होऊ लागले. ते येत आणि जात. त्याच्या स्मृतीचा सूर्योदय त्यांना पाहत नसे. आधी नावे गेली, मग नाती, मग घराच्या खोल्या. भिंतीवरचा क्रूस त्याला जहाजाच्या डोलकाठीसारखा वाटे आणि ओटा धक्क्यासारखा. डॉक्टरांचे जे सांगायचे ते सांगून झाले. नायगावच्या नव्या इमारतीत राहणारा पुतण्या म्हणाला, "काकी, एवढं महागाचं घड्याळ त्यांच्या हातात कशाला? लॉकरमध्ये ठेव." मार्थाने नकार दिला. घड्याळ मनगटावरून उतरले की तो लहान मुलासारखा मनगट चाचपत राही. आणि चावी देण्याची ती करकर मात्र, सारे विसरूनही, त्याच्या बोटांना विसरता येत नव्हती.

मग त्याने चंद्र पळवायला आरंभ केला. काडी घेऊन तो ती बारीक कळ दाबत बसे. खिडकीत चंद्र उगवे, भरे, मावळे, पुन्हा उगवे. ओट्यावरच्या एका सायंकाळी महिन्यांमागून महिने जळून जात. काय शोधतोस, असे मी विचारले, तेव्हा तो जहाजावरच्या सहकाऱ्याला सांगावे तसे म्हणाला, "पुनव गाठायची हाय. घरी जायचंय. मार्था उभी असेल."

मार्था त्याच्या मागेच उभी होती.

एक दिवस ती मला दाराशी म्हणाली, "गुरुजी, चांद पुरा करून ठेवते. निळं लुगडं नेसते. तुमी फक्त पुनव हाय म्हना. तुमचं तो ऐकतो. एकदा घरी आल्यासारखं वाटू दे त्याला." तिथी कृष्ण पक्षातली अष्टमी होती. आयुष्यभर मी कोणाला खोटी तिथी सांगितलेली नाही. पण तिच्या त्या डोळ्यांपुढे शास्त्र उच्चारण्याचे धैर्यही माझ्यात नव्हते. मी पंचांग मिटून ओट्यावर जाऊन बसलो.

सायंकाळ होती. खिडकीत पूर्ण चंद्र लावलेला. मार्था निळ्या लुगड्यात त्याच्यापुढे आली. "बघा, पुनव. आलात ना घरी?"

इनासने चंद्राकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने मान वळवून समुद्राकडे पाहिले. पाणी संथ, धक्क्याच्या पायरीला निवांत टेकलेले.

"पुनवेच्या सांजेला पानी हितं कुठलं?" तो शांतपणे म्हणाला. "तवा लांब गेलेलं असतं, चिखल उघडा असतो. हा भांग हाय, बाई, आठमीचं मेलेलं पानी. कोन तुमी? आनि खोटं कशाला बोलता?"

मी तिथी जाणणारा आणि ती त्याचे मन जाणणारी. आम्हां दोघांपैकी कोणीही पाण्याकडे पाहिले नव्हते.

मग खऱ्या पौर्णिमेची वाट पाहणे आले. मार्थाने चंद्र पुन्हा योग्य जागी आणवला आणि काडी लपवून ठेवली. पौर्णिमेच्या मध्यान्ही मी गेलो, तेव्हा उधाणाचे पाणी वलांड्यांच्या खांबांपर्यंत चढले होते आणि वाऱ्यावर लाटांचे तुषार ओट्यापर्यंत येत होते. आकाशात चंद्राला तेव्हा स्थान नसते. तो पृथ्वीच्या पलीकडे असतो. अवघ्या दृश्यात पूर्णचंद्र एकच होता, इनासच्या मनगटावरचा. त्याने तो पाहिला. मग पाणी पाहिले. पुन्हा चंद्र, पुन्हा पाणी. दोघांची साक्ष जुळली. तो उठला, पाठ ताठ केली, कितीतरी वर्षांच्या समुद्रावरून उतरावे तसा ओट्याची पायरी उतरून अंगणात गेला, आणि वळून आपल्याच घराच्या दाराकडे पाहू लागला.

दारात मार्था होती, निळ्या लुगड्यात, दोन्ही हातांनी चौकट धरून.

त्याने तिच्याकडे पाहिले. काचेतून पलीकडे पाहावे तसे तिच्यातून आत, घराच्या काळोखात पाहिले. "उधान आलं," तो म्हणाला. "मी आलो. ती नाय आली." आणि वरची कळ दाबून त्याने लांब काटा सोडला.

पुढच्या चांद्रमासाचा शुक्ल पक्ष त्याने पाहिला नाही. चर्चची घंटा वाजत असताना आणि रेताड माती त्याच्यावर पडत असताना मी दफनभूमीच्या कुंपणाशी हात जोडून उभा होतो आणि ओठांवर जो मंत्र आला तो त्याच्या देवाला चालेल का, असा विचारही मनात आला नाही.

घड्याळ आता मार्थापाशी असते. रोज सायंकाळी तीच चावी देते. त्या करकरीत मात्र ती जुनी जाण नाही, थोडी भीती आहे. पौर्णिमेला मी जातो, चंद्र पंचांगाशी ताडतो, शहाळे घेतो. लांब काटा अजून धावतो आहे. त्याने कमान लवकर उतरते, असे एकदा मी तिला म्हटले आणि कळ दाबायला बोट पुढे केले. तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"र्‍हाऊ द्या, गुरुजी. मी अजून आले नाय."

परत येताना किल्ल्याच्या ओसाड तटावर सांजप्रकाश विझत असतो आणि मला वाटते, क्षयतिथीला पंचांगात नाव असते, स्थान असते, तिचा चंद्रही आकाशात कुठेतरी तेवढाच चाललेला असतो. तिच्या वाट्याला नसतो तो केवळ तिला पाहणारा सूर्योदय.