मागच्या बाजूचे नाव

मित्रांनो, मी एक जुना खण आहे. जड लाकडाचा, पितळी मुठीचा आणि खरे सांगायचे तर फार वाईट तोंडाचा. आमच्या कचेरीत भाषेचा मोठा शब्दकोश तयार होतो. तिथल्या भिंतीएवढ्या कपाटात आम्ही साठ खण आहोत. कुणाच्या पोटात फुलांची नावे, कुणाच्या पोटात अवजारांची. माझ्या पोटात निंदा, नालस्ती, चहाडी, कुचाळकी, बोभाटा, बट्टा, काळिमा! माणसाचे नाव खराब करायला लागणारा सगळा माल माझ्याकडे मिळतो. अगदी आतल्या बाजूला त्याहून बारीक माल आहे: ‘म्हणे’, ‘तथाकथित’, ‘स्वयंघोषित’, ‘देव जाणे’. हे आरोप करत नाहीत, नुसती शंका सोडून देतात आणि आपण नामानिराळे राहतात. शेजारचा फुलांचा खण माझ्याकडे पाहून नाक मुरडायचा. मुरडू दे. फुलांची नावे कोणीही गोळा करील.

सुताराने मला सगळ्यात शेवटी केले, त्यामुळे उरल्यासुरल्या फळ्या माझ्या वाट्याला आल्या. मी जरा अडकतो आणि उघडताना करकरतो. पहिली काही वर्षे माझ्यात फडकी आणि सुकलेली पेने पडून होती. मग बाई आल्या.

त्यांना सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. हा विषय दुसऱ्या कुणालाच नको होता, तो त्यांनी हौसेने मागून घेतला. रस्त्यात, दवाखान्याच्या रांगेत, जिन्यात कुणाचे वाजले की बाईंची पावले हळू व्हायची. त्यांची लेक एकदा कचेरीत आली होती तेव्हा वैतागून म्हणाली, “आई, भांडण दिसलं की लोक लांब जातात, तू जवळ जातेस.”

“अगं, माल तिथंच ताजा मिळतो,” बाई म्हणाल्या.

पण त्यांचा एक नियम होता. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, त्याच्या पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ. मागच्या बाजूला तो कोणी वापरला, कोणाबद्दल, कुठे आणि कधी. मागची बाजू कोरी असेल तर कार्ड सरळ टोपलीत जायचे. कुणी म्हणाले, “कुणीतरी म्हणत होतं हो,” की बाई चष्मा वर करून विचारायच्या, “हा कुणीतरी राहतो कुठं? इतकी वर्षं शोधतेय, मला काही भेटला नाही.” अशी अकरा वर्षे गेली आणि मी काठोकाठ भरलो. आम्हा साठ जणांत माझ्याएवढी चोख कार्डे कुणाकडेच नव्हती, हे मी छाती फुगवून सांगतो.

कोश छापायला जायच्या महिनाभर आधी संपादक आमच्या दालनात आले. कपाटाशेजारीच बाईंचे टेबल होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“बाई, बसा जरा. तुमचा खण या आवृत्तीत नको, असं वाटतंय.”

“का बरं?”

“बोललं जातंय, की तुम्ही यातले बरेच शब्द घरी बसून मनानेच रचता म्हणे.”

मित्रांनो, माझ्या पोटातला ‘म्हणे’ बाहेर पडून माझ्याच बाईंवर उलटला होता! अकरा वर्षांचे काम त्या दोन अक्षरांनी पाण्यात जाणार होते. मला वाटले, बाई रडतील, नाहीतर कडाडतील. मला स्वतःला तर करकरून ओरडावेसे वाटले. बाईंनी एक कोरे कार्ड घेतले. पुढे लिहिले: ‘मनाने रचते म्हणे’. मग ते उलटे केले आणि त्या उठल्या.

“याची मागची बाजू भरून आणते, साहेब. तुम्ही बसा.”

आधी त्या दारापाशी शिपाईमामांकडे गेल्या. “मामा, माझ्याबद्दल हे तुम्ही कोणाकडून ऐकलंत? रागवत नाही, नोंद करायचीय.”

मामा डोके खाजवत म्हणाले, “टायपिस्टबाई बोलल्या होत्या.”

टायपिस्टबाईंचे यंत्र थांबले. त्या कानापर्यंत लाल झाल्या. “मला प्रूफं तपासणाऱ्या काकांनी सांगितलं. मी आपलं नुसतं पुढं सांगितलं हो.”

काका खिडकीपाशी बसायचे. त्यांनी प्रूफात मान घातली ती वर काढली नाही. “मी कशाला मनाचं सांगू? मला साहेबच म्हणाले.”

बाई कार्ड घेऊन परत आल्या आणि संपादकांसमोर उभ्या राहिल्या.

“मी?” संपादक म्हणाले. मग त्यांना आठवले आणि ते बसल्या जागी लहान झाले. “चहा पिताना म्हणालो होतो. ‘एवढे शब्द बाईंना भेटतात तरी कुठे, घरी बसून रचत असतील.’ गंमत होती हो ती, बाई. पुढे तिघांकडून तेच कानावर आलं, म्हणून मला खरं वाटलं.”

“तुमचंच तुमच्याकडे परत आलं, साहेब. रस्त्यात त्याची गंमत तेवढी गळून पडली.”

बाईंनी पेन पुढे केले. संपादकांनी ते घेतले. मग त्यांनी कार्डाच्या मागे स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, जागा लिहिली, आठवून आठवून तारीखही लिहिली. तिथून ते थेट माझ्यापाशी आले, मूठ धरून मला ओढले आणि एकेक कार्ड उलटून पाहू लागले. संध्याकाळपर्यंत ते पाहत होते. एकही मागची बाजू कोरी निघाली नाही. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

जाताना ते हळूच म्हणाले, “बाई, माझं ते कार्ड छापायचं का?”

“छापायला पुढची बाजू जाते, साहेब. मागची आपल्यासाठी असते.”

कोश छापून आला. त्यात फुलांची एकोणीस पाने आहेत आणि माझी सेहेचाळीस. शेजारी आता नाक मुरडत नाही.

मित्रांनो, माझ्यातले शब्द वापरू नका असे मी म्हणणार नाही. पोकळ दाव्याला पोकळ म्हणायला आणि लबाडाचे बिंग फोडायला ते लागतातच. फक्त वापराल तेव्हा त्यांच्यामागे आपले नाव लिहायची तयारी ठेवा. तेवढी तयारी नसेल, तर मला बंद राहू द्या. मी चांगला जड आहे, आपणहून उघडत नाही.